घरांतला अग्नि आणि धुराची वाट

न्यायशास्त्राचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला अगदीं पहिल्या पाठांतच एक पर्वत भेटतो. त्या पर्वतावर धूर दिसतो, आणि जेथें धूर तेथें अग्नि हा नियम ठाऊक असल्यामुळें पाहणारा मनुष्य असें अनुमान करतो कीं, पर्वतावर अग्नि आहे. परंतु हा नियम उलटा फिरविण्यास नैयायिकांनीं मनाई केली. जेथें अग्नि तेथें धूर असतोच असें म्हणतां येत नाहीं, हें दाखविण्याकरितां त्यांनीं लाल तापलेल्या लोखंडाच्या गोळ्याचें उदाहरण दिलें. गोळ्यांत अग्नि आहे, पण धूर नाहीं. ओल्या सरपणाशीं अग्नीचा संबंध आला तरच धूर निघतो, असें त्यांचें स्पष्टीकरण होतें. शेंकडों वर्षें पाठशाळांतून घोकला गेलेला हा सिद्धांत स्वयंपाकघरांत आणि न्हाणीघरांत किती मोलाचा आहे, याची प्रचीति मात्र अलीकडच्या काळांत, आणि तीहि कित्येक कुटुंबांना फार मोठी किंमत देऊन आली आहे. धूर दिसेनासा झाला म्हणजे धोका टळला, ही समजूत मनुष्याच्या मनांत खोल रुजलेली आहे. घरांतल्या अग्नीला वाट करून देण्याचा इतिहास हा एका अर्थीं याच समजुतीचा इतिहास आहे.

हा इतिहास पाहावयाचा तर वर्धा जिल्ह्यापासून आरंभ करणें सोईचें आहे. पुलगांव हें नांवांतच पूल असलेलें, वर्धा नदीच्या कांठचें आणि रेल्वेमुळें वाढलेलें गांव. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ सालीं नागपुरास पोंचला आणि त्या मार्गावरील कापसाच्या बाजारपेठांना नवें जीवन आलें. नागपुरास १८७७ मध्यें जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल सुरू झाली; मागोमाग हिंगणघाटास आणि एकोणिसावें शतक संपण्यापूर्वीं पुलगांवास कापडगिरणी निघाली. पुलगांवच्या पूर्वेस सुमारें ३० किलोमीटरवर वर्धा शहर, आणि त्या शहरांत मगनवाडी. गिरणीच्या भट्टीचें उंच धुराडें आणि मगनवाडींत तयार झालेली धुराड्याची मातीची चूल, हीं एकाच जिल्ह्यांत, एकाच प्रश्नाला मिळालेलीं दोन उत्तरें होत. अग्नि पाहिजे, पण त्यापासून निघणारा वायु घरांत नको. मग त्याला वाट कोणती द्यावी, हा तो प्रश्न.

त्यापूर्वींच्या घरांत हा प्रश्न कोणी मुद्दाम सोडविला नव्हता. घराच्या बांधणीनें तो अर्धामुर्धा आपोआप सुटला होता. वऱ्हाड-वर्ध्याकडील खेड्यांत चुलीला पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्या लागत. कौलारू घरांत धूर कौलांच्या फटींतून झिरपत वर जाई. धाब्याच्या घराला छतांतच एक भोक ठेवीत. त्यांतून उजेड येई आणि धूरहि जाई, व पाऊस आला कीं त्यावर झांकण पडे. स्वयंपाकघराचे वासे काळेभोर होत, भिंतींवर काजळी चढे, आणि चुलीशीं बसणाऱ्या स्त्रियांचे डोळे जन्मभर चुरचुरत. हा धूर आरोग्याला अतिशय घातक होता, याविषयीं आतां दुमत उरलेलें नाहीं. फुफ्फुसांचे आणि डोळ्यांचे किती तरी विकार त्यानें पोसले. तथापि त्याच्या अंगीं एक गुण होता. तो लपत नसे. खोलींत तो फार कोंडला कीं डोळ्यांतून पाणी येई, खोकला लागे, आणि जो तो उठून दार उघडी. धूर हा विषहि होता आणि विषाची दवंडीहि होता.

आंघोळीच्या पाण्याचीहि अशीच व्यवस्था होती. पुष्कळ घरीं अंगणांतल्या चुलीवर हंडा चढे आणि तेथून पाणी गंगाळांत येई. ज्यांची ऐपत अधिक त्यांच्या घरीं तांब्याचा बंब असे. या बंबाची रचना मोठी मार्मिक आहे. मध्यभागीं एक उभी नळी, तिच्या तळाशीं जाळी आणि जाळीवर निखारे. नळीच्या सभोंवतीं पाणी. खालून हवा शिरते, निखारे फुलतात, तापलेला वायु नळींतून वर जातांना आपली उष्णता पाण्याला देतो आणि वरच्या तोंडानें बाहेर पडतो. म्हणजे ज्याला पुढें यंत्रशास्त्रांत धुराडें म्हणूं लागले, तें बंबाच्या पोटांतच होतें. बंब बहुधा मागील दारीं, पडवींत किंवा अंगणांत पेटविला जाई, आणि पाणी तापल्यावर बादलीनें न्हाणींत नेलें जाई. अग्नि बाहेर आणि पाणी आंत, ही त्या काळची साधी शिस्त होती.

शिस्त मोडली ती शेगडीच्या बाबतींत. कोळसा एकदां चांगला फुलला कीं त्यापासून धूर येत नाहीं. थंडीच्या रात्रीं, आणि विशेषतः बाळंतिणीच्या खोलींत, दारें-खिडक्या लावून घेऊन खाटेजवळ शेगडी ठेवण्याची रीत घरोघर होती. वारा लागूं नये म्हणून फटींत कापडाचे बोळेहि कोंबीत. अशा खोलींत डोकें जड होणें, मळमळणें, गुंगी येणें हे प्रकार घडत, आणि कधीं कधीं सकाळीं दार उघडल्यावर आंतील मनुष्य उठतच नसे. हा नैयायिकांचा तापलेला गोळा होता. पण तो ओळखण्याचें साधन त्या घरांत कोणापाशीं नव्हतें. आंत धूर नाहीं, मग दोष अग्नीचा कसा असेल, असाच विचार कोणीहि करी.

गिरणीच्या भट्टीनें मात्र हा विचार शास्त्रशुद्ध करण्यास भाग पाडलें. वाफेच्या बॉयलरखालीं रोज मोठ्या प्रमाणावर कोळसा जाळावयाचा तर नुसत्या भोकानें भागत नाहीं. तापलेला वायु गार हवेपेक्षां हलका असतो. धुराड्यांतील उष्ण वायूचा स्तंभ आणि बाहेरील तितक्याच उंचीच्या गार हवेचा स्तंभ यांच्या वजनांत जो फरक पडतो, त्याच्या बळावर भट्टींतील वायु वर ओढला जातो, आणि त्याच ओढीनें खालच्या जाळींतून ताजी हवा निखाऱ्यांत शिरते. धुराडें जितकें उंच आणि आंतील वायु जितका उष्ण, तितकी ही ओढ अधिक. कापडगिरण्यांचीं धुराडीं गांवांतील देवळांच्या शिखरांहूनहि उंच बांधलीं गेलीं तीं हौसेखातर नव्हेत. यांतला महत्त्वाचा मुद्दा असा कीं, धुराडें ही केवळ बाहेर जाण्याची वाट नव्हे. आंत येणाऱ्या हवेलाहि तीच बोलावीत असते. आंत येण्याची वाट बुजविली तर बाहेर जाण्याची वाट असून नसल्यासारखी होते. घराच्या बाबतींत हा दुसरा अर्धा नियम पुढें पदोपदीं विसरला गेला.

गिरण्यांच्या धुरावर सरकारचें लक्ष गेलें तेंहि डोळ्यांच्याच वाटेनें. मुंबई इलाख्यांत १९१२ सालीं धुराच्या उपद्रवासंबंधीं कायदा झाला. कलकत्त्याकडे तसा कायदा १९०५ मध्येंच झाला होता. धुराड्यांतून किती काळा धूर किती वेळ निघतो यावर या कायद्यांचा मुख्य रोंख होता. जो धूर दिसतो त्याची मोजदाद सुरू झाली. जो वायु दिसत नाहीं त्याचा विचार होण्यास अजून अवकाश होता.

आतां मगनवाडीकडे वळूं या. १९३४ च्या डिसेंबरांत अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. त्याच्या कार्याकरितां जमनालाल बजाज यांनीं वर्ध्यांतील आपली बाग व वाडा दिला, आणि महात्मा गांधींचे दिवंगत सहकारी मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ तिला मगनवाडी हें नांव मिळालें. संघाचे चिटणीस जे. सी. कुमारप्पा हे हिशेबतपासनीस आणि अर्थशास्त्रज्ञ. घाणीचें तेल, हातकागद, मधमाशा, मातीचीं भांडीं यांच्या जोडीला त्यांच्या संस्थेनें घरांतील दिवा आणि चूल याहि विषयांना हात घातला. देशी तेलावर जळणारा मगनदीप आणि धुराड्याची मगन चूल हीं त्या प्रयत्नांचीं फळें. १९४७ च्या सुमारास पुढें आलेली ही चूल भारतांतील सुधारलेल्या चुलींच्या मालिकेंतील आरंभीची चूल म्हणून ओळखली जाते.

मगन चुलीचें तत्त्व बंबाच्या आणि गिरणीच्या भट्टीच्या तत्त्वाहून निराळें नाहीं. मातीचा ओटा, त्यांत आडवा बोगदा, बोगद्यावर एकापुढें एक भांडीं ठेवण्याचीं तोंडें, आणि शेवटीं छतावाटे किंवा भिंतीवाटे बाहेर जाणारी नळी. एकाच जाळावर एकाहून अधिक भांडीं तापत असल्यामुळें सरपण वांचतें, आणि नळीच्या ओढीमुळें धूर स्वयंपाक करणारीच्या तोंडाकडे न येतां बाहेर जातो. तिला लोक बिनधुराची चूल म्हणूं लागले. हें नांव सुटसुटीत खरें, पण थोडें फसवें आहे. धूर नाहींसा झाला नव्हता, त्याला केवळ वाट मिळाली होती. हैदराबादचे अभियंते एस. पी. राजू यांनीं हाच प्रयोग पुढें नेला आणि १९५३ मध्यें त्यावर पुस्तिका प्रसिद्ध केली. नंतर १९८३ च्या अखेरीस भारत सरकारनें सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हातीं घेतला. तो २००२ पर्यंत चालला आणि त्यांत सुमारें साडेतीन कोटि चुली बसविल्या गेल्याची नोंद आहे.

या मोठ्या कार्यक्रमानें जो धडा शिकविला तो कोणत्याहि घरानें लक्षांत ठेवण्यासारखा आहे. चूल बसली, पण नळींत काजळी सांचली आणि ती कोणी झाडली नाहीं. कोठें नळी छताच्या आंतच संपली. कोठें पावसाळ्यांत नळीच्या भोंवतीं गळूं लागलें म्हणून घरधन्यानें तीच उपटून टाकली. कोठें मोठें भांडें मावावें म्हणून चुलीचें तोंड कोरून मोठें केलें आणि नळीची ओढ संपली. धुराडें बसविणें सोपें आहे; तें वाहतें ठेवणें अवघड आहे. शिवाय चुलीचा धूर कोंडला तर तो निदान दिसत तरी होता.

इकडे मातीची चूल धुराड्याच्या शोधांत असतां तिकडे युरोपांत गॅसची उपकरणें धुराड्यापासून दूर पळूं पाहत होतीं. घरगुती धुराड्याचें शास्त्र तेथें जुनें होतें. काउंट रम्फर्ड यानें १७९६ सालीं शेकोटीच्या धुराड्याचा गळा अरुंद करून त्याची ओढ सुधारण्याची पद्धति मांडली, आणि लंडनच्या कित्येक घरांतील धूर त्यामुळें कमी झाला. परंतु कोळशाच्या गॅसची ज्योत निळी आणि स्वच्छ. तिला धुराडें कशाला, असें लोकांस वाटूं लागलें. १८६८ मध्यें बेंजामिन वॅडी मॉन या लंडनच्या कारागिरानें तत्काल पाणी तापविणारें यंत्र तयार केलें आणि आइसलंडांतील उष्ण कारंज्यावरून त्याला ‘गीझर’ हें नांव दिलें. या पहिल्या गीझराला जळलेला वायु बाहेर नेणारी नळी नव्हती. न्हाणीघराच्या भिंतीवर टांगलेलें हें यंत्र खोलींतलीच हवा घेई आणि जळलेला वायु खोलींतच सोडी. पुढें १८९० नंतरच्या दशकांत जर्मनींत डेसौ येथें ह्युगो युंकर्स यानें, जो नंतर विमानांकरितां प्रसिद्धीस आला, गॅसवर चालणारीं पाणी तापविण्याचीं यंत्रें बनविलीं आणि घरोघर त्यांचा प्रसार झाला. गीझराला नळी हवीच, हें पाश्चात्य देशांनाहि अपघातांनींच शिकविलें.

या अपघातांतील सर्वांत गाजलेला अपघात गॅसचा नव्हता, तर कोळशाच्या शेकोटीचा होता. प्रख्यात फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला हे १९०२ च्या सप्टेंबर अखेरीस आपल्या पॅरिसच्या घरीं परत आले. रात्रीं शयनगृहांत शेकोटी पेटविली होती आणि धुराडें तुंबलेलें होतें. २९ सप्टेंबरला सकाळीं झोला मृत आढळले. त्यांच्या पत्नी बेशुद्ध होत्या, पण वांचल्या. खोलींत डोळ्यांना झोंबेल असा धूर असता तर इतका मोठा लेखक आणि त्याची पत्नी झोंपून राहिलीं नसतीं.

येथें दोषी ठरलेला वायु म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. जुन्या मराठी शास्त्रीय परिभाषेंत त्याला कर्बएकप्राणिद म्हणत. इंधनांतील कर्बाला पुरेसा प्राणवायु मिळाला म्हणजे कर्बद्विप्राणिद होतो. प्राणवायु अपुरा पडला कीं कर्बएकप्राणिद होतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं, चव नाहीं. क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५७ सालीं दाखवून दिलें कीं, हा वायु रक्तांतील प्राणवायूची जागा बळकावतो. रक्तांतील तांबड्या द्रव्याची या वायूविषयींची ओढ प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पट आहे. जॉन स्कॉट हाल्डेन यानें १८९५ मध्यें स्वतः हा वायु हुंगून त्याचे परिणाम टिपून ठेवले, आणि खाणींत उतरतांना उंदीर किंवा कॅनरी पक्षी बरोबर न्यावा अशी शिफारस केली, कारण लहान प्राण्याला विषबाधा आधीं होते. ब्रिटिश खाणींत ही पक्ष्यांची प्रथा १९८६ पर्यंत चालू होती. जें डोळ्यांना दिसत नाहीं तें जाणण्याकरितां एक जिवंत साक्षीदार सोबत न्यावा लागत होता.

भारतांत गॅस आला तो दिव्यांच्या रूपानें. मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ सालीं गॅसचे दिवे लागले. हा गॅस कोळशापासून काढलेला असल्यामुळें त्यांत कर्बएकप्राणिद मुळांतच मिसळलेला असे. नळी गळली तरी जीव जाण्याचें भय होतें. १९५५ च्या सुमारास मुंबईंत सिलिंडरांतील द्रवरूप गॅस घरगुती वापराकरितां मिळूं लागला. त्यांत हा विषारी वायु मुळीं नसतो, आणि गळती तत्काळ कळावी म्हणून त्यांत उग्र वासाचें द्रव्य मुद्दाम मिसळतात. येथूनच एक नवी गफलत जन्मास आली. वास नाहीं म्हणजे सर्व ठीक, असें गृहिणी मानूं लागली. परंतु तो वास न जळलेल्या गॅसचा असतो. गॅस जळून जें उरतें त्याला वास नसतो. कच्चा गॅस दवंडी पिटतो, जळलेला गॅस मुकाट्यानें येतो.

हळूहळू सिलिंडर मुंबई-पुण्याहून जिल्ह्यांच्या गांवीं पोंचला, आणि १ मे २०१६ रोजीं सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेनें तो खेड्यांतील चुलीजवळहि नेला. स्त्रियांच्या डोळ्यांतील पाणी थांबविणारें हें परिवर्तन निःसंशय कल्याणकारक आहे. परंतु त्याच काळांत घरहि बदललें. कौलांच्या जागीं सिमेंटची गच्ची आली, फटी बुजल्या, अंगण गेलें, बंब अडगळींत पडला, आणि न्हाणीघर घराच्या पोटांत शिरलें. त्या कोंडलेल्या न्हाणीघराच्या भिंतीवर लहानसा गॅस गीझर टांगला गेला. यांतील पुष्कळशा स्वस्त यंत्रांना बाहेर नेणारी नळीच नसते. जळलेला वायु वरच्या छिद्रांतून सरळ खोलींत येतो. मॉनच्या १८६८ च्या यंत्रांत जो दोष होता तोच येथें दीडशें वर्षांनंतर पुन्हां दिसला. या लहान गीझरांकरितां भारतीय मानक ब्यूरोनें २००५ सालीं १५५५८ क्रमांकाचें स्वतंत्र मानक काढलें. पण यंत्र कितीहि निर्दोष असलें तरी बंद खोलींत त्याला हवा कोठून मिळणार?

थोडा हिशेब केला म्हणजे प्रश्नाचें स्वरूप उघड होईल. मिनिटाला सहा लिटर पाणी तापविणारा गीझर तासाला सुमारें एक किलोग्रॅम गॅस जाळतो. एक किलोग्रॅम गॅस पूर्ण जळण्यास निदान १२ घनमीटर हवा लागते. दीड मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि २.४ मीटर उंच अशा न्हाणीघरांत सर्व मिळून ५.४ घनमीटर हवा मावते. म्हणजे पाव तासाच्या आंघोळींत तीन घनमीटर, अर्थात् खोलींतील निम्म्याहून अधिक हवा ज्योतीला लागते. वस्तुतः तितका वेळ जाण्याची वाटहि पाहावी लागत नाहीं. जळलेला वायु त्याच खोलींत फिरून पुन्हां ज्योतीकडे येतो. हवेंतील प्राणवायूचें प्रमाण २१ टक्क्यांवरून जसजसें खालीं येतें, तसतशी ज्योत बिघडते आणि कर्बएकप्राणिद वाढूं लागतो. ज्योतीची भूक आणि माणसाचा श्वास एकाच लहानशा सांठ्यावर चाललेले असतात.

परिणामांचें गणितहि तितकेंच कठोर आहे. हवेच्या दहा हजार भागांत या वायूचे दोन भाग असले तर दोन-तीन तासांत डोकें दुखूं लागतें. सोळा भाग असले तर वीस मिनिटांत भोवळ आणि मळमळ येते आणि दोन तासांच्या आंत मृत्यु ओढवतो. शंभरांहून अधिक भाग झाले तर कांहीं मिनिटेंहि पुरतात. शिवाय पाय आधीं लटके पडतात. धोका कळला तरी दाराच्या कडीपर्यंत हात पोंचत नाहीं. एकविसाव्या शतकांत भारतांतील निरनिराळ्या शहरांतील मज्जातंतूंच्या डॉक्टरांनीं वैद्यकीय नियतकालिकांतून ‘गॅस गीझर सिंड्रोम’ या नांवानें अशा रोग्यांचें वर्णन केलें. न्हाणीघरांत बेशुद्ध पडलेल्या, झटके आलेल्या या मंडळींना प्रथम फेंपरें समजून औषध सुरू केलें जाई; खरें कारण भिंतीवर टांगलेलें असे. जे वांचले त्यांतील कांहींच्या स्मृतीवर आणि हालचालींवर दीर्घकाळ परिणाम राहिला. महाराष्ट्रांत हिंवाळा आला कीं अशा मृत्यूच्या वार्ता वर्तमानपत्रांत वारंवार येतात, आणि त्यांत तरुण माणसें पुष्कळ असतात.

मग वाट कोणती? ती नवी शोधावयाची नाहीं. बंबानें, गिरणीनें आणि मगन चुलीनें ती आधींच दाखविली आहे. पहिली गोष्ट, अग्नि बाहेर आणि पाणी आंत. गॅसचें यंत्र न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या गच्चींत किंवा गॅलरींत, पावसापासून आडोसा करून बसवावें आणि आंत केवळ गरम पाण्याची नळी न्यावी. दुसरी गोष्ट, यंत्र घरांत बसविणें भागच असेल तर धूरनळीवांचून बसवूं नये. ही नळी यंत्राच्या डोक्यापासून प्रथम सरळ वर जावी, तिला वळणें थोडीं असावीं, ती बाहेरच्या मोकळ्या हवेंत उघडावी आणि तिच्या तोंडाजवळ कोणाची खिडकी नसावी. लहान नळींतली ओढ गिरणीच्या धुराड्याच्या मानानें अगदींच क्षीण असते. वाऱ्याचा एखादा झोत, पक्ष्याचें घरटें किंवा गंजलेला सांधा तिला पुरे होतो. गंजाचें कारणहि जाणून ठेवावें. एक किलोग्रॅम गॅस जळला कीं त्यापासून दीड किलोग्रॅमहून अधिक पाणी वाफेच्या रूपानें निघतें, आणि तें गार नळींत निथळून तिला आंतून खातें. म्हणून वर्षांतून एकदां, थंडीपूर्वीं, नळी आणि बर्नर जाणत्या कारागिराकडून तपासून घ्यावा.

तिसरी गोष्ट, जी सर्वांत अधिक विसरली जाते, ती हवा आंत येण्याची वाट. खालीं आणि वर अशीं दोन कायमचीं, बंद न होणारीं झरोक्यांसारखीं तोंडें हवींत. थंडी लागते म्हणून त्यांत वर्तमानपत्र कोंबणें म्हणजे बाळंतिणीच्या खोलींतील फटी बुजविण्यासारखेंच आहे. हवा बाहेर फेंकणारा पंखा लावला कीं सर्व सुरक्षित, ही समजूतहि बरोबर नाहीं. खोलींत नवी हवा येण्यास वाट नसली तर तो पंखा धूरनळींतूनच हवा ओढतो, आणि बाहेर निघालेला वायु उलट खोलींत येतो. ज्या यंत्राला हवाहि बाहेरून मिळते आणि ज्याचा वायुहि बाहेरच जातो, असें पूर्ण बंदिस्त यंत्र पाश्चात्य देशांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत रूढ झालें. घरांत ठेवण्यास तेंच अधिक योग्य. नळानें घरीं येणाऱ्या नैसर्गिक गॅसच्या यंत्रालाहि हे सर्व नियम तंतोतंत लागू आहेत. आणि ज्या घरांत धूरनळी नसलेला गीझर भिंतीवर आहेच, त्या घरीं तो हलवीपर्यंत निदान एवढें पाळावें कीं, दार-खिडकी उघडी ठेवून आधीं बादल्या भरून घ्याव्या, गीझर बंद करावा, खोली मोकळी होऊं द्यावी आणि मगच आंघोळीस जावें.

ज्योतीचा रंग हीहि एक खूण आहे. निळी, स्थिर ज्योत बहुधा ठीक असते. पिवळी, डोलणारी, काजळी धरणारी ज्योत हवा अपुरी असल्याचें सांगते. तथापि निळी ज्योत पाहून निश्चिंत होणें योग्य नाहीं. अलीकडे हा वायु ओळखून घंटा वाजविणारीं लहान यंत्रें मिळतात. खाणींतील कॅनरी पक्ष्याचें काम तीं निमूटपणें करतात. एखादा मनुष्य न्हाणीघरांत बराच वेळ निरुत्तर राहिला तर हाकांमागून हाका मारण्यांत वेळ न दवडतां बाहेरून गॅस बंद करावा, दार उघडावें किंवा फोडावें, त्याला मोकळ्या हवेंत आणावें आणि तत्काळ रुग्णालयांत न्यावें. साध्या हवेंत रक्तांतील या वायूचें प्रमाण निम्म्यावर येण्यास चार-पांच तास लागतात. शुद्ध प्राणवायु दिल्यास सुमारें दीड तासांत तेंच काम होतें. न्हाणीघरांत गॅसचा गीझर होता, हें डॉक्टरांस पहिल्या वाक्यांत सांगावें. कारण रोग्याच्या अंगावर तशी कोणतीहि खूण नसते.

बंब, गिरणीचें धुराडें, मगन चूल आणि भिंतीवरचा गीझर यांचा क्रम लावला तर एक गोष्ट स्पष्ट होते. इंधन जसजसें डोळ्यांना निर्मळ दिसूं लागलें, तसतशी माणसानें त्याची वाट अरुंद केली आणि शेवटीं बुजवून टाकली. धुराडें धुराकरितां असतें, असा त्याचा ग्रह झाला होता. वस्तुतः तें हवेकरितां असतें. धूर हा त्या वाटेवरचा केवळ दिसणारा प्रवासी. पुलगांवच्या गिरणीनें धुराडें बांधलें तें भट्टीला श्वास मिळावा म्हणून, आणि मगनवाडीच्या कार्यकर्त्यांनीं चुलीला नळी बसविली ती गृहिणीला श्वास मिळावा म्हणून. अग्नि आणि मनुष्य एका छपराखालीं राहावयाचे तर दोघांच्याहि श्वासाची सोय वेगळी लावली पाहिजे. जेथें अग्नि आहे तेथें धूर दिसो वा न दिसो, वाट ही असलीच पाहिजे.